पंप अ‍ॅक्शनची झीज आणि पॉलिश पेपरने पुसलेला पुरावा

गेल्या पंधरवड्यापासून सुरक्षारक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून ‘पंप अ‍ॅक्शन बंदुकीची झीज स्वतः ओळखा’ असा एक लांबलचक संदेश फिरतो आहे. पंप अ‍ॅक्शन म्हणजे नळीखालची मूठ, म्हणजेच पंप, हाताने मागेपुढे सरकवून पुढचे काडतूस भरायची बंदूक. संदेशात पाच गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या आहेत. मॅगझीन ट्यूबवरचा, म्हणजे नळीखालच्या काडतुसे भरायच्या नळकांड्यावरचा, काळा मुलामा उडून पांढरी रेघ दिसू लागली की बंदूक फुटण्याच्या बेतात आली असे समजावे. पंपाच्या दोन पट्ट्यांपैकी एकच घासलेली असेल तर दोन्ही सारख्या दिसेपर्यंत पॉलिश पेपर मारावा. झीज तपासण्यासाठी खरी काडतुसे भरून दहा वेळा पंप करून पाहावा. पंप खुळखुळत असेल तर लेथवाल्याकडून बुश बसवून घ्यावे. आणि खाडीच्या हवेपासून वाचवण्यासाठी सगळ्या भागांना खोबरेल चोपडावे.

असल्या संदेशांना उत्तर देत बसण्याची मला हौस नाही. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये आर्मरर, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणारा, म्हणून नोकरी झाल्यावर आता ठाण्यातल्या एका परवानाधारक दुकानात मी बंदुका दुरुस्त करतो आणि तेवढे काम मला पुरेसे आहे. पण माझे भावोजी ऐरोलीतल्या एका बँकेच्या दारावर उभे असतात, बंदूक त्यांच्या स्वतःच्या परवान्यावरची आहे आणि गेल्या आठवड्यात ती घेऊन ते दुकानात आले तेव्हा मोठ्या समाधानाने म्हणाले, “बघा, आता दोन्ही बाजू कशा सारख्या दिसतात.” त्यांनी पॉलिश पेपर मारून झाला होता.

सर्वांत घातक मुद्दा आधी घेतो. खरी काडतुसे भरून पंप मागेपुढे करणे ही तपासणी नव्हे. दर खेपेला एक जिवंत काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस उडते त्या जागेत, बसते, काडतुसावर आघात घडवणारा आतला घोडा चढतो आणि त्यानंतर गोळी सुटणे थांबवायला उरते ते एक सेफ्टीचे बटण, जे अशा बहुतेक बंदुकांमध्ये फक्त चाप अडवते, घोडा नव्हे. त्यात या संदेशकर्त्याने ‘आधी चेंबर रिकामे करून घ्या’ असा शहाजोग सल्लाही जोडला आहे. दुनळी बंदूक हाताळलेल्या माणसाला तो पुरेसा वाटेल, कारण दुनळी बिजागरीवर वाकवून उघडली की दोन्ही काडतुसे समोर दिसतात. पंप अ‍ॅक्शनमध्ये मात्र चेंबरमधले काडतूस बाहेर काढले तरी नळीखालच्या ट्यूबमध्ये भरलेली काडतुसे तशीच असतात आणि बंदूक रिकामी झाली अशा समजुतीने पंप पुढे ढकलला की त्यांतलेच पुढचे काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसते. म्हणून ट्यूब आधी रिकामी करायची, मग चेंबर, आणि त्यानंतर डोळ्यांनी पाहून व बोट घालून दोन्हींची खात्री करायची. बंदूक कशी चालते हे पाहायचे असेल, तर त्यासाठी डमी काडतुसे मिळतात. बँकेच्या मागच्या खोलीत किंवा घरी पोराबाळांसमोर खरी काडतुसे खेळवण्याचे काहीही कारण नाही.

आता पॉलिश पेपरचा मुद्दा, ज्याने मला खरा संताप आला. पंपाला जोडलेल्या दोन पोलादी पट्ट्या बोल्टला, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या ठोकळ्याला, मागेपुढे नेतात. १९५० मध्ये बाजारात आलेल्या रेमिंग्टन ८७० मध्ये आणि तिच्यासारखी रचना असलेल्या बंदुकांमध्ये पंप जागेवर अडवणारी कळ डाव्या पट्टीलाच लागते, त्यामुळे त्या पट्टीच्या मागच्या टोकाला थोडी जास्त चकाकी येणे स्वाभाविक आहे. संशय घ्यायचा तो तेव्हा, जेव्हा एकाच पट्टीवर मध्येच खोल ओरखडा पडलेला असतो, बोट फिरवल्यावर कड बोचते आणि पंप एका ठरावीक जागी अडखळतो. तो ओरखडा म्हणजे साक्षीदार असतो. पट्टी कुठे वाकली आहे किंवा ट्यूबला कुठे पोचा आला आहे हे तोच दाखवतो. तपासायची रीतही साधी आहे. रिकाम्या बंदुकीच्या पट्टीवर मार्करच्या शाईचा पातळ हात मारावा, पाच-सहा वेळा पंप करावा आणि शाई कुठे पुसली गेली ते पाहावे. भावोजींच्या बंदुकीवर ही शाई लावली तेव्हा उजवी पट्टी मध्यावर केसभर आत वाकलेली निघाली. मग त्यांना आठवले, की पावसाळ्याच्या सुरुवातीला शटरला टेकवून ठेवलेली बंदूक घसरून पंपावर पडली होती. पेपर मारल्याने ओरखडा गेला, पट्टी बारीक झाली, वाक मात्र होता तिथेच राहिला, आणि मुलामा गेलेल्या त्या उघड्या पोलादावर आता तांबूस डागही धरू लागले आहेत.

पांढऱ्या रेघेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पंप ट्यूबवरूनच सरकतो, त्यामुळे तिथला मुलामा उडणारच. त्या ट्यूबमध्ये काडतुसे आणि एक स्प्रिंग असते. स्फोटाचा दाब तिच्यावर येत नाही. तो दाब चेंबरच्या भिंती आणि बोल्ट पेलतात. सामी या अमेरिकी मानक संस्थेने साध्या पावणेतीन इंची बारा बोअर काडतुसासाठी ठरवलेली मर्यादा दर चौरस इंचाला ११,५०० पौंड आहे, तर मोटारीच्या टायरमध्ये तीसेक पौंड हवा असते, यावरून काय ते समजावे. तेव्हा काळजी करायचीच असेल तर बोल्ट जिथे अडकतो त्या खाचेची करावी. तिची कड ठोकल्यासारखी पसरली असेल, किंवा उडालेल्या पुंगळीच्या बुडातली ठिणगी पाडणारी टोपी बाहेर डोकावत असेल, तर बंदूक वापरातून बाजूला ठेवून गो आणि नो-गो गेजने, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबर यांतले अंतर तपासायच्या मापांनी, मोजून घ्यावी.

लेथवाल्याचा सल्ला देणाऱ्याने कायदा उघडूनही पाहिलेला दिसत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्ती करता येत नाही आणि २०१९ च्या सुधारणेनंतर त्यासाठी किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. वागळे इस्टेटमधल्या लेथवर उत्तम बुश बनत असेलही, पण त्या बिचाऱ्या कारागिराला यात ओढू नये. शिवाय पंप हाताला थोडा सैल लागणे हा दोषच नव्हे, काही बंदुका नव्या असतानाही खुळखुळतात.

खोबरेलाच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. खाडीकाठच्या दमट हवेत पोलाद लवकर गंजते आणि खरबरीत झालेल्या चेंबरमध्ये पुंगळी अडकून बसते, ज्याला हा संदेश ‘चेंबरची झीज’ म्हणतो. पण खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजते, म्हणजे ठाण्यातल्या जानेवारीच्या रात्रीही ते बोल्टमध्ये घट्ट होऊन बसेल, आणि जुने झाले की खवट होऊन त्यातील आम्ले धातूलाच लागतात. बंदुकीचे खनिज तेल फडक्यावर घेऊन पातळ पुसले आणि पावसाळ्यात चेंबर आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने साफ केले, की पुरते. भावोजींची बंदूक सध्या दुकानाच्या कपाटात आहे आणि पट्ट्यांचा नवा जोड येईपर्यंत तिथेच राहील.