फ्लोरोकार्बन पाण्यात दिसतच नाही म्हणे

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज. "मामा हे वाच, आपण आजपर्यंत चुकतच होतो." वाचलं. गळ टाकणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर सध्या हेच फिरतंय, तुम्हालाही आलं असेलच. थोडक्यात असं, की नदीचं पाणी नितळ असेल तर गळाला फ्लोरोकार्बनच (नायलॉनसारखाच, पण वेगळ्या प्लास्टिकचा पारदर्शक धागा) बांधा, तो पाण्यात अदृश्य होतो, त्यामुळे जाड घेतला तरी मासा बिचकत नाही, तो ताणत नाही म्हणून मासा टोचला की लगेच हाताला कळतं, तो आपोआप बुडतो, आणि साधा नायलॉनचा तंगूस म्हणजे जुन्या लोकांचा हट्ट. खाली पाच अंगठे आणि एक मासा. भाच्यानं मला पाठवायच्या आधीच पॉइंट पंचवीस मिलिमीटर जाडीचं रीळ मागवून टाकलेलं होतं, म्हणजे मत विचारायला नव्हताच, शाबासकी घ्यायला होता.

मी भोसरीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, दिवसभर जाडी मोजायचा मायक्रोमीटर हातात. त्यामुळे असलं काही वाचलं की मोजावंसं वाटतंच.

आधी कशाबद्दल बोलतोय ते सांगतो. अख्खी लाईन नाही, मेन लाईनच्या टोकाला गळ बांधतो ना, तो शेवटचा वीत-दोन वीत तुकडा, लीडर म्हणा. आणि नितळ पाणी म्हणजे म्हात्रे पुलाखालची मुठा नाही हे पुणेकराला सांगायला नको. दिवाळीनंतर गढूळपणा खाली बसला की भोरच्या वरच्या अंगाला नीरा, मुळशीकडचे डोह, असलं पाणी, जिथे काठावरून तळाचे गोटे मोजता येतात.

तर "अदृश्य". हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त त्रासदायक. अपवर्तनांक म्हणजे एखाद्या पदार्थात शिरताना उजेड किती वाकतो त्याचा आकडा. पाण्याचा १.३३, फ्लोरोकार्बनचा साधारण १.४२, नायलॉनचा १.५३ च्या आसपास. जेवढा फरक कमी तेवढं परावर्तन कमी, आणि समोरून पडणाऱ्या उजेडाचा हिशोब केला तर नायलॉन अर्ध्या टक्क्याच्या आसपास परत पाठवतो, फ्लोरो ०.१ टक्का. चार-साडेचार पट फरक आहे, नाकारत नाही. पण १.४२ म्हणजे १.३३ नव्हे. विश्वास नसेल तर काचेच्या ग्लासात पाणी घ्या, दोन्हीचे तुकडे सोडा आणि खिडकीपाशी धरा. दोन्ही दिसतात. फ्लोरो जरा फिकट दिसतो, एवढंच. आपल्याला घरात दिसतंय ते वीतभरावर आलेल्या माशाला दिसणार नाही असं कुठल्या आधारावर म्हणायचं?

आणि एक गोष्ट तो मेसेज लिहिणाऱ्यानं नदीवर कधी वाकून बघितलेलीच नाही. लाईन पाण्यात बुडालेली असेल तरच हा अपवर्तनांकाचा हिशोब. ती पृष्ठभागावर तरंगत असेल तर पाण्याला बारीकशी खळी पडते आणि दुपारच्या उन्हात तिची सावली तळाला दिसते, लाईनपेक्षा कितीतरी जाड. पाण्यावर धावणारे ते लांब पायांचे किडे बघा, पाय केसाएवढे आणि तळाला सावल्या बटणाएवढ्या गोल, तसंच. तिथे फ्लोरो असो नाहीतर सोन्याची तार असो, सावली पडणारच. यावर उपाय घरात आहे. मुलतानी माती, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, घट्ट गोळा करायचा आणि लीडर त्यातून दोनदा ओढायचा. हाताचं तेल जातं, चकाकी मरते, लाईन पाण्याखाली जाते. बायको विचारते चेहऱ्याला लावायची माती डबीत भरून कुठे नेतोस, मी म्हणतो मासे गोरे करायला.

दुसरं, "अदृश्य असल्यामुळे जाड चालतो". हे सगळ्यात चुकीचं आणि सगळ्यात महागात पडणारं. मासा लाईन बघून बिचकतो हे आपण धरून चाललोय, पण बऱ्याचदा तो आमिषाच्या वागण्याला बिचकतो. गोल धाग्याचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. ०.१६ चा ०.२५ केला तर जाडी दीडपट झाल्यासारखी वाटते पण ताठपणा होतो जवळजवळ सहापट, त्यात फ्लोरो मुळातच नायलॉनपेक्षा कडक. गेल्या डिसेंबरात भोरच्या वर एका कातळावर पालथा पडून बघत होतो, खाली दोन-अडीच फूट पाणी, भाच्यानं कणकेचा गोळा सोडलेला, तेव्हाही जाड फ्लोरोच होता त्याच्याकडे, कुणाकडून तरी आणलेला. वीतभर महाशीरची चार-पाच पिल्लं आली. एकानं गोळा आत ओढला आणि तो पूर्ण आत गेलाच नाही, तारेला लटकवल्यासारखा अर्धवट फिरला, आणि थू करून बाहेर. दुसऱ्याचं तेच. शेजारी सुटा टाकलेला गोळा मात्र एका झटक्यात गडप. मग मी त्याला माझा ०.१६ चा नायलॉन बांधून दिला, तोच गळ, तीच कणीक, आणि तिसऱ्या मिनिटाला मासा लागला. सोडून दिला अर्थात, त्या मापाचा महाशीर कोण ठेवतो. आता एका दुपारवरून सिद्ध काही होत नाही हे मला कळतं, पण थुंकताना डोळ्यांनी बघितलंय.

याच्याच पोटात अजून एक भानगड, रिळावरचे आकडे. माझ्याकडच्या एका रिळावर ०.२० लिहिलंय, मायक्रोमीटरवर आला ०.२३. मायक्रोमीटरच्या टोकाचं रॅचेट हलक्या हातानं फिरवायचं हं, नाहीतर धागा दबतो आणि कमी दाखवतो. पाउंडाचा, म्हणजे किती वजनाला तुटतो तो आकडा फुगवायचा सोपा मार्ग म्हणजे धागाच जाड द्यायचा. म्हणून पाउंड बघून घेऊ नका, जमलं तर जाडी मोजून घ्या, आणि तुटण्याचं वजन गाठ मारून, धागा ओला करून, सामान तोलायच्या हुकवाल्या काट्यावर घरी बघा. नायलॉन पाणी पितो आणि ओला झाला की थोडा कमजोर होतो, फ्लोरो पाणी पीत नाही, हा मुद्दा फ्लोरोच्या बाजूचा, तोही त्या मेसेजमध्ये नाही!

"ताणत नाही" हे तर सरळ खोटं. फ्लोरो ताणतो, चांगला ताणतो, आणि एकदा जोरात ताणला की पूर्ण मागे येत नाही. बरं समजा नसता ताणला, तरी फरक काय? लीडर तीस सेंटीमीटर, मेन लाईन पाण्यात वीस मीटर आणि तीही बहुतेकांची नायलॉनची. ताण सगळा तिच्यात. वीस मीटर रबरापुढे वीतभर तार जोडून हाताला काय कळणार आहे?

बुडण्याचं एका वाक्यात: फ्लोरोची घनता १.७८, नायलॉनची १.१४, पण ०.२० च्या तीस सेंटीमीटर तुकड्याचं पाण्यातलं वजन सात मिलिग्रॅम विरुद्ध सव्वा मिलिग्रॅम, म्हणजे दोन्ही तांदळाच्या एका दाण्याहून कमी, गळाचं वजनच याच्या कितीतरी पट.

मग गाठ. याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही आणि फ्लोरोवाल्यांचे मासे जातात ते इथेच. तो गुळगुळीत आणि कडक, कोरडी गाठ ओढली की घर्षणानं तापतो आणि गाठीतच मरतो. थुंकी लावा, हळू ओढा. मासा सुटला की टोक बघा. डुकराच्या शेपटासारखं वळलेलं असेल तर गाठ घसरली, सरळ तुटलेलं असेल तर दगडानं कापलं नाहीतर ताकद संपली. आणि लीडर मेन लाईनपेक्षा कमी ताकदीचाच हवा, म्हणजे अडकलं तर वीतभर तुटेल, वीस मीटर तंगूस नदीत राहून बगळ्याच्या पायात जाणार नाही.

भाचा म्हणाला, "म्हणजे मामा, पैसे पाण्यात?"

नाही रे. तुझं पॉइंट पंचवीस मोठ्या महाशीरसाठी ठेव, खडकाळ, ओढीच्या पाण्यात. तिथे बेसाल्टच्या कडा नायलॉन सोलून काढतात, फ्लोरो घासायला चिवट असतो, आणि धारेत आमिष निवांत बघायला माशाला वेळच नसतो, त्यामुळे ताठपणा चालून जातो. उन्हात पडून नायलॉन खराब होतो तसा तो होतही नाही, पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकेल. संथ डोहात मात्र ०.१४-०.१६ चा मऊ नायलॉन, मुलतानी माती लावून. आणि सावली पाण्यावर पडू न देता बसायचं, लाईनची नाही, तुझी स्वतःची. मागच्या वेळी पिवळा टी-शर्ट घालून काठावर उभा होतास.