उकियो-एमधल्या सगळ्याच गेशा नव्हेत, आणि ती धर्माची टवाळीही नव्हे

जपानी लाकडी ठशांच्या चित्रांबद्दल, म्हणजे उकियो-एबद्दल, एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चित्रांतल्या नटलेल्या बायका गेशा आहेत, कमरपट्ट्याची गाठ पुढे असते, कारण तो सारखा सोडावा लागे, त्यांना बोधिसत्त्वाच्या किंवा बोधिधर्माच्या जागी दाखवणं ही धर्माची टवाळी आहे, आणि म्हणूनच सरकारनं अशा चित्रांवर बंदी घातली. यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी ‘गेशा’. एदो शहरातली, म्हणजे आजच्या टोकियोतली, योशिवारा ही वेश्याव्यवसायाला सरकारी परवाना असलेली वस्ती. परवाना 1617 चा; 1657 च्या मोठ्या आगीनंतर ती असाकुसाच्या पलीकडे हलवली गेली. चित्रांत भारी पोशाखात मिरवते ती बहुतेक वेळा इथली गणिका. गेशा गायन-वादन करणारी. तिनं गणिकेचं गिऱ्हाईक तोडू नये म्हणून 1779 मध्ये योशिवारात गेशांच्या नोंदणीचं वेगळं कार्यालयच निघालं. ओळखायचं तर तीन खुणा एकत्र पाहाव्यात. गणिकेची गाठ पुढे, अंबाड्यात कासवाच्या पाठीचे कंगवे आणि लांब आकडे दाटीनं खोवलेले, आणि सोबत एकसारख्या कपड्यांतल्या दोन लहान मुली, ज्यांना कामुरो म्हणत. गेशाची गाठ मागे, आकडे मोजकेच, जवळ बहुधा शामिसेन हे तीन तारांचं वाद्य. नुसत्या गाठीवर विसंबलं की हमखास चूक होते: जुन्या चित्रांत इतर स्त्रियांचीही गाठ पुढे असते, विवाहितांची तर बऱ्याच काळापर्यंत. शंका असेल तर चित्रातली अक्षरं वाचावीत. चित्रकार इसोदा कोर्युसाईच्या शंभराहून अधिक चित्रांच्या मालिकेत घराण्याचं, म्हणजे गणिकागृहाचं, नाव, गणिकेचं नाव आणि कामुरोंची नावं छापलेली आहेत. नव्या कापडाच्या नमुन्यांची ती जाहिरातही होती.

गाठीचं कारणही इथंच कळतं. जरीच्या रुंद पट्ट्याची सगळी नक्षी समोरून दिसावी म्हणून ती पुढे. हा पोशाख चढवायला मदतनीस लागत; सोयीसाठी निवडलेली वस्त्रं अशी नसतात.

सगळ्यात मोठा गैरसमज टवाळीबद्दलचा आहे. पांढऱ्या हत्तीवर बसलेली गणिका हे त्याचं आवडतं उदाहरण. हत्ती हे समंतभद्र बोधिसत्त्वाचं वाहन. जपानीत त्यांना फुगेन म्हणतात. पण ही जोडी ठसाचित्रकारांनी जमवलेली नाही. ‘एगुचि’ या नो नाटकात, म्हणजे जपानच्या जुन्या मुखवटानाट्यात, गणिकाच शेवटी फुगेन म्हणून प्रकट होते, तिची नाव पांढरा हत्ती बनते आणि ती पश्चिमेच्या ढगांकडे जाते. हे नाटक अठराव्या शतकातल्या ठसाचित्रकार सुझुकी हारुनोबूच्या काही शतकं आधीचं. बौद्ध भक्तीतून आलेली कल्पना चित्रकारानं ताज्या फॅशनचे कपडे चढवून मांडली, इतकंच.

झेन पंथाचे प्रवर्तक मानल्या जाणाऱ्या बोधिधर्माचं, जपानीत दारुमाचं, तसंच. ते नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसले. त्यावर एका गणिकेनं म्हटल्याचं सांगतात की आम्ही तर दहा वर्षं बसतो. कराराची मुदत साधारण तेवढीच असे. लहानपणीच आईबापांनी पैशांपोटी दिलेल्या मुली, भोवती खंदक, बाहेर पडायला एकच मोठा दरवाजा. ‘गणिकारूपी दारुमा’ पाहताना हे ठाऊक नसेल तर हसू येतं, दुखणं दिसत नाही.

या प्रकाराला आज सरसकट मिताते-ए म्हणतात. बारकाईनं पाहिलं तर मिताते म्हणजे दोन वेगळ्या वस्तूंतलं साम्य दाखवणं, आणि यात्सुशि म्हणजे जुन्या थोर पात्राला आजच्या साध्या वेशात उतरवणं. हारुनोबूची 1766 च्या सुमाराची ‘दिवाणखान्यातली आठ दृश्यं’ पाहावीत. चीनच्या शियाओ आणि शियांग नद्यांच्या आठ प्रसिद्ध देखाव्यांवर ती बेतली आहेत. उतरणाऱ्या हंसांची रांग म्हणजे कोतो वाद्याच्या तिरक्या ओळीतल्या घोड्या. परतणारी शिडं म्हणजे दांडीवरचा फडफडता टॉवेल. शरदाचा चंद्र म्हणजे गोल आरसा. संध्याकाळची घंटा म्हणजे ठोके देणारं घड्याळ. आधी मथळा, मग उगाच ठळक दिसणारी वस्तू, मग माणसं, या क्रमानं पाहिलं की कोडं सुटतं. सुरुवात चेहऱ्यापासून केली की नुसती सुंदर बाई उरते.

राहिली बंदी. 1793 मध्ये गणिकांखेरीज इतर स्त्रियांची नावं छापायला मनाई झाली. तेव्हा चित्रकार उतामारोनं चहाच्या दुकानातल्या ओकिताचं नाव चित्रकोड्यात घातलं: भाजीच्या दोन जुड्या (ना-नि-वा), बाण (या), खोल समुद्र (ओकि), भातशेत (ता). वाचा: नानिवाया ओकिता. 1796 मध्ये अशी कोडीही बंद झाली, 1800 मध्ये मोठ्या चेहऱ्यांची चित्रं. 1804 मध्ये उतामारोला बेड्या पडल्या त्या सोळाव्या शतकातला सत्ताधीश हिदेयोशी याच्यावरच्या चित्रांमुळे. सत्ताधाऱ्यांना तो इतिहास नाजूक वाटे. देवाची थट्टा हे कारण यात कुठंही नाही.

गणिकांच्या चित्रांवर थेट बंदी आली ती 1842 च्या काटकसरीच्या सुधारणांत, नटांच्या चित्रांसोबत. योशिवारा 1845 च्या शेवटच्या चांद्रमासात जळाली आणि घराणी तात्पुरत्या जागी गेली, तेव्हा चित्रकार कुनियोशीनं 1846 मध्ये तिथलं दृश्य तीन कागदांवर रंगवलं. पोशाख, केशभूषा, गिऱ्हाइकं, सगळं जागच्या जागी. फक्त बंदी चुकवायला प्रत्येकाच्या मानेवर चिमणीचं डोकं. योशिवारात नेहमी येणाऱ्यांना ‘चिमण्या’च म्हणत.