मामा, आधी ते बघावं लागेल

२०२२ च्या मे महिन्यात भाच्याने मला 'डॉक्टर स्ट्रेंज'चा दुसरा पिक्चर बघायला नेलं. हा मार्व्हल कंपनीच्या सुपरहिरोंच्या, एकात एक गुंतलेल्या पिक्चर आणि मालिकांमधला एक. तिकिटं त्याने काढली, पॉपकॉर्न मी घेतलं. म्हणजे जास्त खर्च माझाच झाला. पडद्यावर लाल वेशातली एक बाई नेपाळातल्या एका आश्रमावर तुटून पडली होती आणि तिला तिची मुलं हवी होती. मी हळूच विचारलं, "हिची मुलं नेली कुणी?"

लग्नात पोटभर जेवून झाल्यावर नवरदेव कोणता असं विचारणाऱ्याकडे बघावं, तसं भाच्याने माझ्याकडे बघितलं. "मामा, तू वांडाव्हिजन बघितलं नाहीस?"

मागच्या रांगेतून कुणीतरी 'शूऽऽ' केलं, म्हणून निदान त्या दिवशी सुटलो.

दुसऱ्या दिवसापासून माझा अभ्यास सुरू झाला. 'वांडाव्हिजन' ही त्याच लाल वेशातल्या बाईची, म्हणजे वांडाची, २०२१ सालची नऊ भागांची मालिका. पहिला भाग कृष्णधवल, आणि न दिसणारी माणसं मागे खो खो हसतायत. मी उठून टीव्हीची वायर हलवून पाहिली. लेक म्हणाली, "बाबा, ते मुद्दाम आहे. जुन्या अमेरिकन मालिकांसारखं." पुढे कळलं की ती मुलं जादूने निर्माण केलेली आणि नवराही जादूचाच. कारण खरा नवरा २०१८ च्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये मेला. तोही एकाच पिक्चरमध्ये दोनदा. एकदा बायकोनेच नाइलाजाने मारला, मग खलनायकाने वेळ मागे फिरवून त्याला उठवला आणि स्वतः मारला.

"मग ते आधी बघावं लागेल," भाचा म्हणाला.

वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा काढायला गेलं की तलाठी फेरफार आणायला सांगतो. त्या फेरफारात आधीच्या फेरफाराचा नंबर असतो, आणि असं करत करत माणूस पणजोबांच्या नावाच्या मोडीतल्या चिठोऱ्यापाशी येऊन उभा राहतो. आमचं चिठोरं म्हणजे या साखळीतला पहिला पिक्चर, २००८ सालचा 'आयर्न मॅन' निघालं.

तिथून पुढे कसं यायचं यावरून घर दुभंगलं. भाचा म्हणे, ज्या क्रमाने पिक्चर आले त्याच क्रमाने. लेक म्हणे, गोष्टीतल्या काळाप्रमाणे. म्हणजे २०११ चा 'कॅप्टन अमेरिका' सगळ्यात आधी, कारण तो दुसऱ्या महायुद्धात घडतो. मोदक उकडीचे की तळणीचे, यावरूनही आमच्याकडे इतकी कटुता आली नव्हती. भाचा दोन दिवस जेवायला आला नाही. मग आला, कारण बिरड्याची उसळ होती.

आमच्या बायकोने यातलं काही न वाचता सगळं ओळखलं. 'आयर्न मॅन'चा दुसरा भाग लागला होता, ती गवार मोडत बसली होती. नायकाचा मित्र आत आला तशी मान वर करून म्हणाली, "हा तो नाही."

खरंच नव्हता. पहिल्या भागात टेरेन्स हॉवर्ड होता, दुसऱ्यात डॉन चीडल. "आमच्या मालिकेत सासूबाई बदलल्या तेव्हा खाली पाटी तरी आली होती," ती म्हणाली आणि पुन्हा गवारीकडे वळली.

'शी-हल्क' या मालिकेच्या वेळी तर तिने भाच्याला पार गारद केलं. भाच्याने सांगितलं, ही वकीलबाई म्हणजे हल्क नावाच्या त्या हिरव्या राक्षसी नायकाची कझिन. "कझिन म्हणजे कोण? चुलत, मावस, आते की मामे?" भाच्याला एकूण एक पिक्चरची तारीख पाठ, पण हे नाही. अर्धा तास फोनमध्ये डोकं घालून शेवटी त्याने शोधलं: मूळ कॉमिक्समध्ये हिची आई हल्कच्या वडिलांची बहीण. "मग आतेबहीण म्हण ना सरळ," बायको म्हणाली. अख्ख्या विश्वाचा पसारा मांडून बसले आणि नातं मोघम ठेवलं, हे तिला अजून पटलेलं नाही.

'एंडगेम' आम्ही घरीच पाहिला. हा साखळीतला बाविसावा पिक्चर, तीन तास एक मिनिट. शेवटच्या श्रेयनामावलीनंतर एक छोटा प्रसंग दाखवायची यांची पद्धत आहे, म्हणून मी शेकडो अनोळखी नावं मुकाट्याने वाचली. शेवटी आली फक्त ठोक ठोक. मला वाटलं वरच्या मजल्यावर सुतार लागलाय. वळून बघतो तर भाच्याचे डोळे भरलेले. पहिल्या पिक्चरमध्ये आयर्न मॅन गुहेत चिलखत घडवतो, त्याचे ते घाव होते म्हणे.

"याच्यानंतर काही राहिलं नाही, मामा," तो म्हणाला. वय वर्षं तेवीस. माझे आजोबा बालगंधर्वांबद्दल ह्याच सुरात बोलायचे, फक्त ते तेव्हा ऐंशीचे होते.

तक्रार माझीही आहे, पण वेगळी. पूर्वकथा आपल्याकडे काय कमी आहेत? पण आमचे कीर्तनकारबुवा ती दोन ओळींत सांगून मग रंगात यायचे. "आधी मागच्या चातुर्मासातली नऊ कीर्तनं ऐकून या" म्हणाले असते, तर देवळात फक्त पेटीवाला उरला असता. २०२३ चा 'द मार्व्हल्स' पावणेदोन तासांचा, आणि त्याच्या आधी दोन मालिकांचे पंधरा भाग! त्यातली 'मिस मार्व्हल' मात्र आम्हाला आवडली. न्यू जर्सीतली पाकिस्तानी घरातली मुलगी, तिला एका जत्रेला जायचंय, आणि आई म्हणते बाबांना बरोबर ने. "बरोबर आहे आईचं," बायको म्हणाली. लेकीने विषय बदलला.

एवढं सगळं संपवून मी जरा ताठ बसलो होतो. पण २०२४ च्या जुलैत घोषणा झाली की 'एंडगेम'मध्ये मेलेल्या आयर्न मॅनचा नट, रॉबर्ट डाउनी ज्युनियर, आता डॉक्टर डूम नावाचा खलनायक होऊन परत येणार. मी म्हटलं जुळा भाऊ असेल. भाचा दुखावला.

तो ज्यात येणार त्या डिसेंबर २०२६ च्या पिक्चरसाठी भाच्याने मला नवी यादी पाठवली. पहिलं नाव २००० सालच्या 'एक्स-मेन'चं. म्हटलं, हे तर पणजोबांच्याही मागचं! तर म्हणे ती मंडळी दुसऱ्या कंपनीच्या पिक्चरमधली. २०१९ साली डिस्नेने त्या कंपनीचा तो धंदाच विकत घेतला, म्हणून ती आता इकडच्या गोष्टीत. म्हणजे शेजारचा गट खरेदीखताने आमच्या सातबाऱ्यावर चढला.

बायकोने यादी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली आणि पापडाचं पोलपाट पुढे ओढलं.

"लाव पहिला," ती म्हणाली. "दोन किलो लाटून होतील."