«धनुष्य चढवूनच ठेवा» या सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

पारंपरिक धनुष्य वापरणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला बराच फिरतो आहे. सरावानंतर दोरी उतरवायची ही सवय जुनाट आहे, सारखी चढव-उतरव केल्यानेच धनुष्य बिघडतं, त्यापेक्षा ते चढवलेलंच, म्हणजे दोरी लावून ताणलेलंच, राहू द्या, असं त्यात म्हटलंय. कारणंही दिली आहेत. फायबरग्लासला काही होत नाही. नुसत्या चढवण्याने फार वाक येत नाही. कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं आधुनिक धनुष्य, तर कायम ताणलेलंच असतं. चढवताना लिम्ब, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग, पिळतात. दोरीचे पीळ सुटतात. आणि पूर्वीचे योद्धे धनुष्य चढवूनच फिरायचे.

यातलं एकही कारण अगदीच बिनबुडाचं नाही, म्हणून तर सल्ला लोकांना पटतो. गोम अशी की प्रत्येक कारण एकेका जातीच्या धनुष्याला लागू पडतं आणि निष्कर्ष मात्र सरसकट सगळ्यांच्या गळ्यात मारलाय. भार कोण पेलतं, लाकूड, काच की शिंग, हे आधी विचारायला हवं.

«फायबरग्लासच्या धनुष्याला काही होत नाही»

हे खरं आहे. लॅमिनेटेड, म्हणजे थर चिकटवून केलेल्या, रिकर्व्हच्या (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) किंवा लॉंगबोच्या (लांब, साधं धनुष्य) पाठीवर आणि पोटावर, म्हणजे निशाण्याकडच्या आणि आपल्याकडच्या बाजूला, साधारण 1 मिलिमीटर जाडीचा फायबरग्लासचा थर असतो. वाकताना सगळ्यात जास्त ओढ पाठीच्या थरावर येते आणि सगळ्यात जास्त दाब पोटाच्या थरावर. मधल्या लाकडाचं मुख्य काम हे दोन थर एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवणं. घरातल्या तापमानाला फायबरग्लास असा भार महिनोन्‌महिने सोसतो. असं धनुष्य आठवडाभर चढवलेलं राहिलं तरी काट्यावर ड्रॉ वेटमध्ये, म्हणजे धनुष्य खेचायला लागणाऱ्या जोरात, फरक दिसणार नाही.

त्याला धोका आहे तो उष्णतेचा आणि वेडंवाकडं ठेवण्याचा. थर इपॉक्सीने चिकटवलेले असतात. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान 60 अंश सेल्सिअसपर्यंत चढू शकतं, आणि तेवढ्या गरमीत बरीच इपॉक्सी नरम पडू लागते. धनुष्य चढवलेलं असेल तर त्याच वेळी थर एकमेकांवरून सरकायला बघत असतात, आणि मग लिम्बच्या कडेला बारीक पांढरी रेघ उमटते. ती दिसली की ते धनुष्य खेचायचं नाही. दुसरी गोष्ट कोपऱ्यात उभं करून ठेवण्याची. खालच्या टोकावर तिरका भार पडत राहतो आणि खालचा लिम्ब हळूहळू पिळतो.

रोज सराव करणाऱ्याने लॅमिनेटेड धनुष्य घरात चढवून ठेवलं तर आमची हरकत नाही. प्रवासात आणि लांबच्या खाड्यात मात्र उतरवावं. घरात लहान मुलं असतील तर रोजच उतरवावं. चढवलेलं धनुष्य दिसलं की बाण नसताना खेचून सोडण्याचा मोह मोठ्यांनाही आवरत नाही, आणि तसं एकदा केलं तरी लिम्ब फुटू शकतो.

«बाण सोडताना धनुष्य किती वाकतं! नुसतं चढवल्याने काय बिघडणार?»

सगळ्यात जास्त फसवणारा मुद्दा हाच. अखंड लाकडाचं धनुष्य, किंवा पाठीला बांबू आणि पोटाला लाकूड असलेलं धनुष्य, यात पोटाचा दाब लाकडालाच सोसावा लागतो, आणि लाकूड ओढीपेक्षा दाबाला बरंच कमकुवत असतं. नुसतं चढवलेलं असताना पूर्ण खेचीच्या साधारण एक तृतीयांश वाक आलेला असतो. हे कमी वाटतं खरं, पण वेळेचा हिशोब करून बघा. सरावात 100 बाण सोडले आणि प्रत्येक बाणाला पूर्ण खेच 3 सेकंद धरली, तर पूर्ण भार एकूण 300 सेकंद, म्हणजे 5 मिनिटं पडला. तेच धनुष्य संध्याकाळी 7 ते सकाळी 7 चढवलेलं राहिलं, तर एक तृतीयांश भार सलग 720 मिनिटं पडतो, मध्ये सुटकेची संधीच नाही.

लाकडाला वेळ कळतो. पुस्तकांच्या ओझ्याखाली फळी पहिल्या दिवशी सरळ दिसते आणि दोन वर्षांनी पोक काढते, तिच्यावरचं वजन वाढलेलं नसताना. धनुष्याचंही तसंच होतं. पोटाकडच्या पेशी दबत जातात. दोरी लगेच उतरवली तर त्यातला बराचसा बदल काही तासांत भरून निघतो, रात्रभर दबून राहिल्या तर बराच भाग कायमचा राहतो. याला सेट म्हणतात.

सेट घरच्या घरी मोजता येतो. दोरी उतरवल्या उतरवल्या मुठीची पाठ सपाट भिंतीला टेकवा आणि दोन्ही टोकांच्या खाचांपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पुन्हा मोजा. संध्याकाळी दोन इंच आणि सकाळी सव्वा इंच आलं, तर पाऊण इंच लाकडाने परत मिळवला आणि सव्वा इंच मुक्कामाला आलाय. एक-दीड इंचाचा सेट अखंड लाकडाच्या धनुष्याला सहसा येतोच, त्याची धास्ती नको. सकाळचा आकडा महिन्यागणिक वाढत असेल, किंवा वरच्या आणि खालच्या लिम्बमधला फरक वाढत असेल, तर टिलर, म्हणजे दोन्ही लिम्बच्या वाकण्याचा तोल, बिघडत चाललाय. पोटावर लाकडाच्या रेषांना आडव्या, केसाएवढ्या सुरकुत्या दिसल्या तर तंतू मोडायला लागलेत आणि ती जागा पुढच्या खेचीला आणखी दबणार.

सेट वाढल्यावर ड्रॉ वेट थोडं उतरतं, पण खरं नुकसान त्याहून मोठं असतं. चढवलेल्या अवस्थेत दोरीवर जो सुरुवातीचा ताण हवा तोच कमी होतो. पहिली काही इंच खेच मऊ लागते आणि शेवटी वजन जवळपास तेवढंच असलं तरी साठलेली ऊर्जा कमी भरते. बाण आळसावतो आणि धनुर्धर बाणांना दोष देत बसतो.

ओलावा आणि ऊब दोन्ही सेट वाढवतात. धनुष्याच्या लाकडात 8 ते 10 टक्के ओलावा असावा. 12 च्या वर गेला की लाकूड दबायला तयारच असतं. 6 च्या खाली गेला की सेट कमी येतो, पण पाठीचा तंतू उचकटून धनुष्य मोडण्याची भीती. म्हणून दमट हवेत लाकडाचं धनुष्य चढवून ठेवणं म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

«कंपाउंड तर कायम ताणलेलंच असतं»

असतं, कारण बो प्रेसशिवाय (लिम्ब दाबून धरणाऱ्या यंत्राशिवाय) त्याची दोरी काढता येत नाही आणि तो भार गृहीत धरूनच त्याचे लिम्ब फायबरग्लास किंवा कार्बनचे घडवलेले असतात. त्याच्यावरून लाकडाच्या धनुष्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

«चढव-उतरव केल्याने लिम्ब पिळतात»

चुकीच्या पद्धतीने केली तर पिळतात. दोष पद्धतीचा आहे, दोरी उतरवण्याचा नाही. एकदा चढवताना धनुष्य ब्रेस हाइटच्या, म्हणजे चढवल्यावर दोरी आणि मुठीत राहणाऱ्या अंतराच्या, वाकापेक्षा थोडंसंच जास्त वाकतं. सरावातला प्रत्येक बाण त्याला कितीतरी जास्त वाकवतो. शंभर खेचींना न थकलेला लिम्ब त्या एका वाकाने थकत नाही.

पिळ येतो तो दोरी आणि धनुष्याच्या मध्ये पाय घालून, मांडीच्या आधाराने चढवताना. खालचं टोक घोट्यावर अडकतं, मांडी धनुष्याच्या मधोमध बसत नाही आणि जोर तिरका जातो. रिकर्व्हचे पातळ, रुंद लिम्ब अशा तिरक्या जोराला लगेच बळी पडतात. उपाय म्हणजे स्ट्रिंगर, धनुष्य चढवण्यासाठी वापरायची खिसे लावलेली वेगळी दोरी.

दोरीचा मोठा फास वरच्या लिम्बवर सरकवून ठेवा, छोटा फास खालच्या खाचेत बसवा. स्ट्रिंगरचा मोठा खिसा खालच्या टोकावर घाला. त्याची रबरी पट्टी किंवा छोटा खिसा वरच्या लिम्बवर असा बसवा की दोरीचा फास खाचेपर्यंत सरकायला जागा राहील. धनुष्याची पाठ वर, पोट जमिनीकडे. स्ट्रिंगरच्या दोरीवर पाय द्या, ड्रॉ वेट 45 पौंडांच्या पुढे असेल तर दोन्ही पाय. मूठ सरळ वर उचला, कमरेतून झोका न देता. दुसऱ्या हाताने फास सरकवून खाचेत बसवा. मूठ खाली सोडण्याआधी दोन्ही फास खाचेत पक्के बसलेत का हे डोळ्यांनी बघा. घाई होते ती इथेच, आणि फास सुटला तर धनुष्य उसळून तोंडावर येतं. चेहरा कधीही धनुष्याच्या वर आणू नका. उतरवताना हाच क्रम उलटा.

चढवल्यावर टोकाकडून एक डोळा मिटून बघा. दोरी दोन्ही लिम्बच्या बरोबर मधून जायला हवी. फायबरग्लासच्या लिम्बला थोडा पिळ दिसला तर दोन्ही हातांनी विरुद्ध दिशेला हलकेच पिळून अर्धा मिनिट धरा, सोडा, पुन्हा बघा. एका झटक्यात सरळ करायला जाऊ नका. गोल किंवा इंग्रजी डीसारख्या छेदाचा जाड लॉंगबो मात्र मूठ ओढून आणि वरचा लिम्ब ढकलून सुखाने चढतो.

«दोरीचे पीळ सुटतात, ब्रेस हाइट बदलते»

दोरी पूर्ण काढून खिशात कोंबली तर सुटतातच, विशेषतः फ्लेमिश ट्विस्टच्या, म्हणजे धागे पिळूनच फास केलेल्या, दोरीचे. ती काढायचीच नाही. वरचा फास लिम्बवर खाली सरकलेला राहू द्या आणि खालचा फास रबरबँडने खाचेत धरून ठेवा. दोरी फिरू शकली नाही तर पीळ आहे तेवढेच राहतात. पुढच्या वेळी चढवून 8-10 बाण सोडा आणि मग ब्रेस हाइट मोजा. डॅक्रॉनची (पॉलिएस्टर धाग्याची) दोरी सुरुवातीला थोडी ताणते, त्यामुळे पहिल्या बाणाआधीच्या मापावर विसंबू नये.

«पूर्वीचे योद्धे धनुष्य चढवूनच फिरत»

काही फिरत. मध्य आशियातल्या घोडेस्वारांचे धनुष्याचे भाते चढवलेलं धनुष्य मावेल अशा आकाराचे असत. पण त्यांची धनुष्यं पोटाला शिंग आणि पाठीला प्राण्यांच्या स्नायुरज्जूंचे तंतू लावलेली. शिंग लाकडाच्या कितीतरी पट दाब सोसून परत मूळ आकारात येतं. इंग्लंडच्या लाकडी लॉंगबोची गोष्ट निराळी. 1545 मध्ये बुडालेल्या मेरी रोझ जहाजात शंभराहून जास्त लॉंगबो सापडले आणि त्यातले बरेचसे पेट्यांमध्ये, दोरी उतरवून, रचून ठेवलेले होते. आणि आपल्याकडच्या सीतास्वयंवराच्या कथेत पैज प्रत्यंचा चढवण्याचीच आहे, म्हणजे शिवधनुष्यही उतरवूनच ठेवलेलं होतं!

युमी या जपानी बांबूच्या धनुष्याचा दाखला चढवून ठेवा म्हणणाऱ्यांच्या बाजूने दिला जातो, कारण नवं युमी मुद्दाम काही काळ चढवून ठेवतात. ते ठेवतात ते त्याचा जास्तीचा उलटा बाक उतरून आकार बसावा म्हणून. चढवून ठेवल्याने बांबूचा आकार बदलतो, हे यातूनच दिसतं. आकार बसला की तेच युमी सरावानंतर उतरवतात.

शिंगाच्या धनुष्याला मात्र थोडी सूट द्यावी लागते. उतरवल्यावर ते उलट्या बाजूला वळतं, चढवणं अवघड असतं आणि चढवताना पिळ यायची शक्यताही जास्त. सलग काही दिवस सराव असेल तर रोजची चढव-उतरव टाळणं समजण्यासारखं आहे. त्याचा सरस हवेतली ओल शोषतो, म्हणून कोरियात ही धनुष्यं वापरण्याआधी उबदार पेटीत सुकवतात. ओल लागलेलं शिंगाचं धनुष्य चढवूच नये. कोरडं चढवलं तरी दोन्ही लिम्बची रेषा तपासून, थोडं थोडं खेचून, मगच पहिला बाण लावावा.

«दर फेरीला दोरी उतरवत बसणं वेडेपणा आहे»

बाण वेचून आणायला लागणाऱ्या काही मिनिटांसाठी कोणी उतरवायला सांगतही नाही. लाकडाच्या धनुष्याला वीस मिनिटांच्या वर विश्रांती असेल तर उतरवावं, आणि पुन्हा चढवल्यावर आधी अर्धी खेच पाच-सहा वेळा देऊन मग पूर्ण खेचावं. ठेवताना आडवं, टोकांपासून साधारण पाव लांबीवर दोन रुंद खुंट्यांवर, उन्हापासून आणि ओल्या भिंतीपासून लांब.