छप्पर दहा सेंटिमीटर वर, तळ नऊ मिलिमीटर

आपल्याकडं घरात गाडीचा विषय निघाला की निम्मा निर्णय आधीच झालेला असतो. रस्ते खराब, वाटेत घाट, जागोजागी स्पीडब्रेकर, घरात म्हातारी माणसं. तेव्हा गाडी उंचच हवी. सेडानचं (मागं वेगळी डिकी असलेल्या बसक्या गाडीचं) नाव कुणी काढलं तर ‘बूड घासेल’ या दोन शब्दांत ते बाद होतं. जर्मनीत राहून साताऱ्या-सांगलीकडची ही चर्चा ऐकताना पटण्यासारखे मुद्दे पुष्कळ सापडतात. पण हा पहिलाच मुद्दा आकड्यांपुढं टिकत नाही. तेवढ्यासाठी, ज्यांना गाडी चालवायची मनापासून आवड आहे त्यांनी स्पोर्टी सेडानवर पाणी सोडावं, हे मला पटत नाही.

तुलनेची सोय आपल्याच बाजारात आहे. स्कोडाची स्लाव्हिया ही सेडान आणि कुशाक ही एसयूव्ही एकाच सांगाड्यावर बांधलेल्या आहेत. इंजिनंही तीच: १.० लिटरचं ११५ पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्तीचं माप) किंवा १.५ लिटरचं १५० पीएसचं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर दोघींचं २,६५१ मिमी. फोक्सवॅगनची व्हर्टस आणि टायगुन ही अशीच दुसरी जोडी. आता उंची बघा. स्लाव्हियाचं छप्पर जमिनीपासून १,५०७ मिमीवर, कुशाकचं १,६१२ वर. फरक साडेदहा सेंटिमीटर. तळ मात्र १७९ आणि १८८ मिमीवर. फरक नऊ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या जाडीएवढाही नाही, आणि तोसुद्धा बहुतेक मोठ्या टायरमधून आलेला. जास्तीचे पैसे मोजून जी उंची विकत घेतली जाते, ती जवळजवळ सगळी डोक्याकडं असते.

सगळ्या सेडान अशा नाहीत, हेही तितकंच खरं. होंडा सिटी आणि ह्युंदाई व्हर्ना १६५ मिमीवर आहेत, क्रेटा १९० वर. तिथं अडीच सेंटिमीटरचा फरक पडतो आणि तो खेड्यातल्या रस्त्यावर जाणवतो. म्हणून ‘सेडान की एसयूव्ही’ या प्रश्नाआधी ‘कुठली सेडान’ हा प्रश्न विचारायला हवा.

हे आकडे रिकाम्या गाडीचे असतात. पाच मोठी माणसं सव्वातीनशे किलोच्या आसपास भरतात. त्यात डिकीत एक तांदळाचं पोतं आणि बॅगा टाकल्या की गाडी मागून तीन-चार सेंटिमीटर सहज बसते. म्हणजे १७९ ची सेडान १४०-१५० वर येते, आणि १८८ ची एसयूव्हीही १६० च्या पुढं राहत नाही. आता स्पीडब्रेकर घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ किमीसाठी आखलेला. ३.७ मीटर म्हणजे चाकांमधल्या अंतरापेक्षा जास्त. त्यावर गाडी अख्खी चढते आणि अख्खी उतरते, बूड घासायचा प्रश्नच नाही. गावातल्या माणसांनी अपघातानंतर रातोरात टाकलेला ब्रेकर मात्र दोन फूट रुंद आणि वीतभर उंच. पुढची चाकं उतरलेली, मागची अजून चढायची, आणि ढिगारा नेमका मधे. तिथं सेडान खरवडते आणि भरलेली छोटी एसयूव्हीही खरवडते.

त्यावर उपाय चालवण्यात आहे. ब्रेक ब्रेकरच्या आधी दाबायचा आणि चाक टेकायच्या क्षणी सोडायचा. ब्रेक दाबलेला राहिला की नाक खाली झुकतं आणि पहिला मार पुढच्या बंपरला, मग चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला, बसतो. रस्ता मोकळा असेल तर थोडं तिरकं घ्यायचं, म्हणजे एका वेळी एकच चाक चढतं. पण स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे बफर बसवून सेडान उंच करू नका. त्या वेटोळ्यांची हालचाल बंद होते, उरलेल्यांवर ताण येऊन स्प्रिंग मोडते, ॲक्सलचे कोन बदलून त्यांचे रबरी बूट फाटतात, अलाइनमेंट टिकत नाही. चाकांच्या पुढं आलेल्या नाकाच्या बाबतीत मात्र एसयूव्ही खरंच सरस आहे: कुशाक स्लाव्हियापेक्षा ३१ सेंटिमीटर आखूड आहे, नाक वर उचललेलं आहे, त्यामुळं उंच फुटपाथ किंवा मळ्याकडं वळताना लागणारा खड्डा तिला सोपा जातो.

जर्मनीत कुटुंबाची गाडी म्हटली की वर्षानुवर्षं एकच आकार डोळ्यासमोर येतो: कॉम्बी, म्हणजे सेडानचा मागचा भाग छपरापर्यंत नेलेली गाडी. फोक्सवॅगनची पसाट तर २०२३ पासूनच्या पिढीत फक्त याच आकारात मिळते. बसायला आणि वळणाला सेडान, सामानाला टेम्पो. आता इथंही एसयूव्हीच सर्वांत जास्त विकल्या जातात, पण लांब पल्ल्याची रोजची माणसं अजून कॉम्बी सोडत नाहीत. आपल्याकडं टाटा इस्टेट, इंडिगो मरीना, बलेनो अल्टुरा, ऑक्टाव्हिया कॉम्बी सगळ्या येऊन गेल्या आणि एकही रुजली नाही. मला याची हळहळ वाटते. साताऱ्याच्या घरासाठी याहून योग्य आकार दुसरा सुचत नाही.

पण जर्मनीतली प्रत्येक गोष्ट उचलून आणू नये. ऑटोबानवर शोभणारं २२५/४० चं टायर म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये फक्त ९० मिमी रबर. २०५/५५ ला हेच ११३ मिमी होतं, क्रेटाच्या २१५/६० ला १२९. पावसाळ्यातल्या खड्ड्याची कड टायरला रिमवर चिमटते, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी टायरच्या बाजूला टेंगूळ दिसतं. तो टायर मग दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. म्हणून शोरूममध्ये मोठ्या अलॉयचा आग्रह झाला तरी १६ इंचीच ठेवा. गाडीचा स्पोर्टीपणा चांगल्या शॉकअपमध्ये, बसक्या वजनात, ब्रेकमध्ये आणि इंजिनाच्या खालच्या फेऱ्यांतल्या ताकदीत असतो. रिमच्या मापात नसतो.

तो घाटात कळतो. यवतेश्वरचा चढ, वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी, महाबळेश्वरहून पोलादपूरकडं उतरणारा आंबेनळी. या रस्त्यांवर मागच्या सीटवरच्या पोराला उलटी होते ती वळणापेक्षा डुलण्यानं. गाडी एका वळणातून दुसऱ्यात जाताना आधी इकडं कलते, मग तिकडं, आणि माणूस जितका उंच बसलेला तितकं त्याचं डोकं जास्त लांब झुलतं. बसकी, घट्ट शॉकअपची सेडान कमी कलते आणि लवकर स्थिरावते. ज्या घरात मुलांना गाडी लागते, त्यांनी हा मुद्दा आकड्यांच्याही वर ठेवावा.

घाटासाठी गिअरबॉक्सही बघा. हे दोन्ही आकारांना सारखंच लागू आहे. या जोड्यांत १.५ लिटरसोबत मिळणारा ७ गिअरचा ऑटोमॅटिक हा कोरड्या ड्युअल क्लचचा, म्हणजे तेलात न बुडालेल्या दोन क्लचचा आहे. कासच्या फुलांच्या हंगामातल्या रविवारी चढावर गाड्यांची रांग लागली, आणि तुम्ही ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी इंच-इंच सरकवत राहिलात, की क्लच सारखा अर्धवट घसरत राहतो, तापतो आणि पडद्यावर सूचना येते. पुढं दोन गाड्यांची जागा होऊ द्यायची, मग एकदम नेटानं निघायचं, थांबलं की ब्रेकवरच थांबायचं. उतारावर डी मध्ये सोडून देऊ नका, हातानं दुसरा किंवा तिसरा गिअर टाका. पाय सतत ब्रेकवर राहिला तर आंबेनळी संपेपर्यंत ब्रेकचा जळका वास येतो आणि पेडल मऊ पडतं. १.० लिटरच्या ऑटोमॅटिकला टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे ताकद घासणाऱ्या क्लचऐवजी तेलातून चाकांकडं जाते. रांगेत तो निश्चिंत. बहुतेक घरांना माझ्या मते १.० लिटर पुरेसं आहे.

आता एसयूव्हीची खरी बाजू. घरातली आजी गाडीत बसते ते नीट बघा. ती आधी पाठमोरी होते, एका हातानं दार धरते, दुसरा हात सीटवर टेकवते आणि मग अंग सोडते. सीट गुडघ्यापेक्षा खाली असेल तर शेवटची वीतभर ती बसत नाही, पडते. आणि उतरताना तेच वजन दुखऱ्या गुडघ्यावर उचलते. सेडानमध्ये वर छपराची कड असल्यानं मान वाकवावी लागते ती वेगळीच. एसयूव्हीत सीट कमरेच्या पातळीला येते, आजी सरकून बसते. उलट स्कॉर्पिओसारख्या फारच उंच गाडीला पायरी चढावी लागते, तोही त्रासच. तान्ह्या मुलाला चाइल्ड सीटमध्ये बसवतानाही सेडानमध्ये आईला कंबरेतून वाकावं लागतं, दिवसातून चार वेळा. ज्या घरात या दोन्ही गोष्टी आहेत तिथं मी सेडानसाठी भांडणार नाही.

तसंच सांगली-तासगावकडं ज्यांची वस्ती मळ्यात आहे, शेवटचा एक-दोन किलोमीटर रस्ता उसाच्या ट्रॅक्टरनं चाकोऱ्या पाडलेला कच्चा आहे, त्यांनीही उंच गाडीच घ्यावी. मधला उंचवटा रोज घासणं कुठल्याच सेडानला परवडत नाही. आणि घ्यायचीच तर २०० मिमीच्या आसपासची घ्यावी, नऊ मिलिमीटरच्या भरवशावर राहू नये. साताऱ्यात राहून महिन्यातून तीन-चार वेळा पुण्याला जाणाऱ्या घराचं गणित वेगळं आहे. त्यांचे बहुतेक किलोमीटर महामार्गावर ताशी ९०-१०० नं जातात, तिथं कमी उंचीची गाडी वारा कमी कापते, पेट्रोल कमी पिते आणि ट्रकशेजारून जाताना कमी हलते.

पुराच्या पाण्याबद्दल मात्र दोन्ही बाजूंचा गैरसमज सारखाच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेनं सांगलीत काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. ‘एसयूव्ही आहे, जाईल’ हे वाक्य तेव्हापासून तरी बंद व्हायला हवं होतं. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी ढकलली जाते, दोन फुटांना बहुतेक एसयूव्हीही तरंगू लागतात. साचलेल्या पाण्यातून जाताना हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते दाबलं जात नाही; पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका, ओढूनच न्या. विम्यात इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. नदीकाठच्या गावात ते घ्याच.

रात्रीच्या उसाच्या ट्रॉल्या हा गळीत हंगामातला दुसरा धोका. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली लो बीममध्ये ४०-६० मीटरवर दिसते, आणि ताशी ८० वरून थांबायला कोरड्या रस्त्यावर ६०-७० मीटर लागतात. गाडीचा आकार इथं कामाचा नाही; चांगले हेडलाइट, चांगले टायर आणि ताशी ६० चा वेग कामाचा.

कराचा मुद्दा आता जवळपास मिटला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली आणि १,२०० सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्के जीएसटीत येते, त्याहून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्या ४० टक्क्यांत. त्यामुळं डिझायर आणि नेक्सॉन पेट्रोल एका पंगतीत. स्लाव्हिया, व्हर्ना, क्रेटा दुसऱ्या पंगतीत. सेडान म्हणून सवलत नाही, एसयूव्ही म्हणून जादा सेस नाही.

टेस्ट ड्राइव्हला सेल्समनबरोबर एकटे जाऊ नका. घरची पाचही माणसं घेऊन जा, टायरची हवा दाराजवळच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी जेवढी लिहिली असेल तेवढी भरून घ्या, आणि तुमच्या गल्लीतल्या सर्वांत वाईट ब्रेकरवरून गाडी न्या. तिथंच थांबून टेपनं तळाचं अंतर मोजा. डिकीचा आकडा बघून फसू नका: स्लाव्हियाची ५२१ लिटर, कुशाकची ३८५, पण सेडानच्या डिकीचं तोंड अरुंद असतं, मुलाची सायकल प्रत्यक्ष घालून बघा. मागची सीट ६०:४० मध्ये दुमडते का, स्टेपनी पूर्ण मापाची आहे का, हे विचारा. चाइल्ड सीट आधी घ्या आणि सोबत न्या. मागं तोंड करून बसवायची सीट लावल्यावर पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला लागतात का, ते त्याशिवाय कळत नाही.

या एका बाबतीत मात्र जर्मनीची शिस्त जशीच्या तशी उचलावी असं मला कळकळीनं वाटतं. इथं १२ वर्षांपर्यंत किंवा १५० सेंटिमीटर उंची होईपर्यंत मूल खास सीटशिवाय गाडीत बसत नाही, आणि युरोपच्या नव्या नियमाच्या सीटमध्ये १५ महिन्यांपर्यंत त्याचं तोंड मागंच असतं. आपल्या मोटार वाहन कायद्यातही २०१९ पासून १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट सक्तीची आहे, दंड १,००० रुपये. मांडीवरचं मूल ठोकरीच्या क्षणी कुणाच्याही हातात राहत नाही. मागच्या काचेपाशी ठेवलेली गुळाची १० किलोची ढेपही त्या क्षणी ३०० किलोच्या जोरानं पुढं येते, म्हणून ती सीटच्या मागं, खाली, टेकवून ठेवायची. आणि आजीला बसवलं की आधी तिचा बेल्ट लावायचा, मग दार.