पुस्तक पुण्याचं, गॅस सोलापूरचा

पाककृतीच्या पुस्तकात ‘बटर खोलीच्या तापमानाला येऊ द्या’ असं वाचलं की माझा पहिला प्रश्न, कुणाच्या खोलीच्या? मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ ला सहज जातो. फ्रिजमधलं बटर ओट्यावर ठेवून दारावरच्या भाजीवालीशी भाव करून परत यावं, तर वाटीत पातळ तेल. केकसाठी बटर आणि साखर फेटतात ती त्यात हवा भरायला. बटर १८ ते २० डिग्रीच्या आसपास असलं, बोटानं दाबल्यावर खळगा पडेल इतपत मऊ असलं, तरच ते हवा धरून ठेवतं. वितळलेलं बटर हात दुखेपर्यंत फेटलं तरी केक बसका आणि तेलकटच होणार. पुस्तकात चुकीचं काहीच छापलेलं नसतं. लिहिणाऱ्या बाईंचं स्वयंपाकघर आपल्यापेक्षा बरंच गार असतं, एवढंच.

मला स्वयंपाकाची पुस्तकं जमवायचा नाद आहे. सुट्टीच्या दिवशी त्यातलं काहीतरी करून बघायचं, आणि घरच्यांनी निमूटपणे खायचं (निमूटपणे खात नाहीत, पण असो). काही पदार्थ असे जमतात की पाहुणे मागून घेतात, काही गुपचूप मुरतात ते दुसऱ्या दिवशीच्या थालीपिठात. एवढ्या खटाटोपानंतर माझं एक मत पक्कं झालंय. जे पुस्तक नुसती मिनिटं सांगतं ते अर्धंच पुस्तक. खूण सांगणारं पुस्तक हवं.

‘मसाला सात मिनिटं परता.’ कुठल्या आचेवर? कढई लोखंडाची की नॉनस्टिक? त्यापेक्षा ‘कडेनं तेल सुटेपर्यंत परता’ हे चार शब्द जास्त कामाचे. यीस्टचं पीठ ‘दोन तास झाकून ठेवा’ म्हणतात. इथं उन्हाळ्यात ते तासाभराच्या आत दुप्पट होतं आणि दोन तासांनी आंबूस वास मारायला लागतं. जानेवारीत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांतल्या थंडीत, तेच पीठ दोन तासांनीही ढिम्म हलत नाही. ‘दुप्पट होईपर्यंत’ असं लिहिलं असतं तर दोन्ही वेळा निभावलं असतं. श्रीखंडाचंही तेच. दही रात्रभर टांगून ठेवा म्हणे. एप्रिलमध्ये इथं रात्रभर टांगलं तर सकाळी चक्का इतका आंबट की साखर घालून घालून दमायला होतं. चाळणीवर फडकं पसरून, खाली भांडं ठेवून, सगळं फ्रिजमध्ये ढकलायचं. पाणी निथळायला वेळ लागतो, पण चक्का गोड राहतो.

पण ऊन नेहमी शत्रूच असतं असं नाही. उन्हातला छुंदा पुस्तकाप्रमाणे केला. कैरीचा कीस, साखर, मीठ, बरणीच्या तोंडाला फडकं, आणि गच्चीवर. पुस्तकात जेवढे दिवस दिलेत त्याच्या कितीतरी आधी पाक एकतारी झाला. नशीब की त्या पुस्तकात ‘पाक एकतारी होईपर्यंत’ असंही लिहिलं होतं, नाहीतर दिवस मोजत बसलो असतो आणि कीस चामट झाला असता.

खरी गंमत होते ती सोलापूरचेच पदार्थ पुस्तकातून करताना. शेंगा चटणी घ्या. बहुतेक पुस्तकांत कृती चार ओळींची: शेंगदाणे भाजा, लसूण, तिखट, मीठ घाला, मिक्सरमधून बारीक करा. एका पुस्तकात तर ‘चवीला साखर’! आईला वाचून दाखवलं तर तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. अहो, ही चटणी बारीक करायची नसते, कुटायची असते. मिक्सरचं पातं दाणा कापतं, त्यामुळे आधी कोरडी भुकटी होते, आणि आणखी दोन सेकंद फिरवलं की भांड्याच्या तळाला लगदा चिकटतो. उखळात बत्ता पडतो तसा दाणा ठेचला जातो, तेल हळूहळू बाहेर येतं आणि ते तेल लसूण-तिखट पिऊन घेतं. रंग आधी विटकरी असतो, मग लालभडक होतो. मुठीत दाबली की गोळा व्हायला हवा आणि बोटं तेलकट व्हायला हवीत, तोवर हात थांबवायचा नाही. ही खूण मी अजून एकाही पुस्तकात पाहिलेली नाही.

आमच्या शेजारच्या अक्का मूळच्या सोलापूरच्याच पूर्व भागातल्या, घरात तेलुगू बोलतात. मी अंबाडीच्या भाजीची कृती पुस्तकात शोधत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, “वास लिहिलेला असतो का ओ त्यात?” मला उत्तर सुचलं नाही.

भाकरीचंही असंच. ‘ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळा’ एवढ्यावर भाकरी होत नाही. ज्वारीत ग्लूटेन नाही, उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. शिवाय पीठ ताजं हवं. महिनाभर डब्यात पडलेल्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते, मग थापताना कडा फाटणारच. पुण्या-मुंबईत पाकिटातलं पीठ आणणाऱ्याला हे कुणी सांगायचं? आम्ही इथं मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आठवड्याला लागेल तेवढीच दळून आणतो, त्यामुळे आम्हालाही ते वेगळं सांगावंसं वाटत नाही. आणि आमटी-भाजीत पुस्तक ‘ओलं खोबरं’ म्हणालं की मी सरळ दाण्याचा कूट घेतो. कोकणातला दाटपणा नारळाचा, आमचा शेंगदाण्याचा.

आता दुसरी बाजू. ‘पुस्तकानं कुठं स्वयंपाक येतो का, अंदाज लागतो’ म्हणणारे भेटतात, ते मला अजिबात पटत नाहीत. आईचा ‘अंदाज’ मी एकदा गुपचूप वजनकाट्यावर मोजला, तिची मूठ दर वेळी जवळपास तेवढीच भरते. म्हणजे तेही मापच, फक्त छापलेलं नाही. कमलाबाई ओगल्यांचं १९७० सालचं ‘रुचिरा’ घराघरांत पोचलं, त्यात वाटी-चमच्याच्या मापांचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. एक वाटी पिठीला एक वाटी पाणी या हिशोबानं मी उकडीचे मोदक केले आणि आमच्या कोरड्या गावातही उकड मऊ आली. पहिल्यांदा करताना पुस्तक शब्दन्‌शब्द पाळावं. साखर कमी, तूप कमी, मैद्याऐवजी कणीक, ओव्हनऐवजी कुकर, असं सगळं बदलायचं आणि वर ‘रेसिपीच फालतू आहे’ म्हणायचं, हा काय न्याय झाला?

सध्या माझ्या पुस्तकांच्या समासात पेन्सिलीनं गिचमीड झालीय. ‘मेमध्ये बटर थेट फ्रिजमधून.’ ‘तिखट अर्धं, हे आपल्याकडचं नाही.’ ‘नारळ नको, कूट.’ पुढच्या रविवारी कडक भाकरी करायचा बेत आहे. आई सांगणार, मी पीठ-पाणी मोजून लिहून घेणार. काटा काढला की ती चिडणार, आणि वहीत पहिली भाकरी उतरायच्या आत मला ओट्यापासून हाकलणार, अशी शक्यता जास्त.