विनाअग्नीवाल्यांनो, एकदा कुकर उघडून दाखवा

आज शाळेच्या ग्रुपवर परत तीच नोटीस. 'विनाअग्नी पाककृती स्पर्धा, इयत्ता नववी'. म्हणजे परत भेळ, परत बिस्किटांचा केक, आणि गाजराच्या फुलाला दहापैकी नऊ. चौदा वर्षांची घोडी झालेली पोरं आहेत ही!

शेजारच्या घरी फ्रिजवर याच स्पर्धेच्या पहिल्या नंबराचं प्रमाणपत्र चिकटवलंय. आज संध्याकाळी तो विजेता त्याच फ्रिजसमोर कुकरचं झाकण लाटण्यानं दाबून उभा. आत राजमा, शिट्टी होईना, कडेनं फुसफुस वाफ. अरे, कडेनं वाफ म्हणजे रिंग कडक झालीय किंवा काठाला काहीतरी चिकटलंय. दाब चढत नाही, पाणी मात्र आटतं. गॅस बंद करायचा, निवू द्यायचं, रिंग धुऊन किंवा बदलून परत लावायची. संपलं.

घाबरायचं ते उलट प्रकाराला. आच मोठी आहे, पण वाफ कडेनंही नाही आणि वरूनही नाही, तर नळीत साल अडकलेलं असू शकतं. गॅस बंद करून लांब व्हायचं, शिट्टीला हात लावायचा नाही. तिथून पुढे भिस्त सेफ्टी व्हॉल्व्हवर. त्यातला धातू वितळतो आणि वाफ सुटते. म्हणून तर कडधान्याला कुकर पाण्यासकट निम्म्याच्या वर भरत नाहीत, फेस नळीपर्यंत चढतो.

आणि राजमा भिजवला किती? "अर्धा तास काकू, गरम पाण्यात."

कपाळ! कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. निदान पाच तास, खरं तर रात्रभर भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळायचा. कुकरमध्ये एक शिट्टी, मग मंद आचेवर वीस मिनिटं. दाणा बोटांत चिरडला पाहिजे. नुसता 80 अंशांपर्यंत तापवला तर बाधा कमी होण्याऐवजी वाढू शकते. होस्टेलवाले केटलमध्ये राजमा लावतात म्हणे. केटल उकळी फुटली की आपोआप बंद पडते, दहा मिनिटं कुठून आणणार?

इतिहासाच्या तासाला हीच पोरं 1492 (कोलंबस अमेरिकेत) आणि 1510 (पोर्तुगीज गोव्यात) पाठ करतात. पण उद्याच्या एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदाचा, तो कसावा (टॅपिओका), शेंगदाणे, मिरची, बटाटा, सगळं अमेरिकेतून आलेलं, हे कुणी सांगतं का? राजमाही तिकडचाच. त्या कंदात सायनाइड तयार होतं, म्हणून तिकडचे लोक तो किसून, पिळून, भाजून खात आले. पीक गलबतातून येतं, ते हाताळायची रीत येईलच असं नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात. युरोपनं मका नेला, चुना तिथेच ठेवला, आणि इटलीत मक्यावरच जगणारी गरीब माणसं पेलाग्रानं मेली. चुन्याशिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही, त्यातून होणारा हा रोग. राजम्याचं भिजवणं-उकळणं हा त्याच धड्याचा पुढचा भाग नाही तर काय?

बरं, पन्नास पोरांच्या वर्गात गॅस पेटवणं शिक्षकांना झेपणारं नाही, मान्य. काही झालं तर पालक त्यांनाच धरतील, तेही मान्य. पण थंड कुकर टेबलावर मांडायला कोण अडवतंय? शिट्टी, रिंग, व्हॉल्व्ह सुटे करा, पोरांच्या हातात द्या. यालाही अग्नी लागत नाही हो!

त्या पोरावर मघाशी फार ओरडले. त्याला तरी कोणी दाखवलं होतं? कुकर निवल्यावर झाकण दिलं त्याच्या हातात. त्यानं रिंग काढली, काठावरून वाळलेलं भाताचं शीत नखानं खरवडलं, मग नळीला डोळा लावून झाकण ट्यूबलाइटकडे धरलं. "दिसतंय काकू, आरपार दिसतंय!" अर्धवट शिजलेला राजमा टाकून दिला. नवा भिजत घातलाय, सकाळी सातला बोलावलंय त्याला.